पुळणीवरचं डब्लिन

आमचे व्हिसा यायच्या आधी भाऊजींची एक्सेल शीट आली. सात दिवस, सहा गोल्फ कोर्स. गोल्फ पिवळ्या रंगात, 'साइटसीइंग' निळ्या रंगात आणि प्रत्येक संध्याकाळच्या कोपऱ्यात एक गुलाबी चौकोन : 'लेडीज शॉपिंग'. भाऊजींचं हँडिकॅप २४, माझं १९, आणि गोल्फमध्ये ज्याचं हँडिकॅप कमी तो खेळाडू बरा. तरी गुलाबी चौकोनात मीच. भाऊजी म्हणजे नवऱ्याचे कॉलेजपासूनचे मित्र. बँकेतून निवृत्त झाले, पण ताळेबंद मांडल्याशिवाय त्यांना अजून झोप लागत नाही. त्यांची बायको माझी मैत्रीण. ती गोल्फ खेळत नाही आणि खेळणार नाही असं तिने पंचवीस वर्षांपूर्वीच सांगून टाकलंय. तर असे आम्ही चौघं. तिघं खेळणारी, एक शहाणी.

डब्लिन का, असं पुण्यात सगळ्यांनी विचारलं. पुण्या-मुंबईचा गोल्फर हल्ली थायलंडला जातो, दुबईला जातो, हौस आणि पैसा दोन्ही असेल तर स्कॉटलंडला सेंट अँड्रूजच्या दर्शनाला जातो. आमचं कारण घरगुती होतं. नवऱ्याची भाची तिथे सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि गेली चार वर्षं 'मामी, या ना' म्हणून मागे लागली होती. दुसरं कारण नकाशात सापडलं. युरोपातल्या बहुतेक राजधान्यांत गोल्फ खेळायचं तर शहर सोडून तासभर आत कुठेतरी रिसॉर्टवर जावं लागतं. डब्लिनमध्ये ओ'कॉनेल स्ट्रीटवरून सिटी बस पकडायची, अर्ध्या तासात समुद्र दिसतो, आणि समुद्राच्या अलीकडे जी हिरवी पट्टी दिसते ती १८ होलची. राजधानी आणि लिंक्स, म्हणजे समुद्रकाठचा गोल्फ कोर्स, यांच्यात एक बसचं तिकीट.

व्हिसाबद्दल एक सूचना करून पुढे जाते, कारण यात ओळखीची दोन कुटुंबं फसलेली आहेत. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे, पण शेंगेनमध्ये नाही. पॅरिसच्या व्हिसावर डब्लिनला उतरता येत नाही. ब्रिटन आणि आयर्लंड यांची भारतीयांसाठी एक संयुक्त सोय आहे. पण व्हिसावर तशी अक्षरं छापलेली असावी लागतात आणि ज्या देशाने व्हिसा दिला त्याच देशात आधी उतरावं लागतं. भारतातून थेट विमान नाही. लंडनमार्गे जा नाहीतर आखातातून.

आम्ही आखातातून गेलो. आम्ही पोचलो, गोल्फच्या बॅगा पोचल्या नाहीत. विमान कंपनीचं नाव घेत नाही. तिथल्या मुलीने इतक्या गोड आवाजात 'परवा' सांगितलं की भाऊजींनाही भांडता आलं नाही. शीटवरचा पहिला पिवळा चौकोन त्याच दुपारचा होता, रॉयल डब्लिनचा. फोन केला, वेळ दोन दिवस पुढे सरकली. आता करायचं काय? भाची म्हणाली, "मामी, खेळायचं नसलं तर बघून तरी या. बुल वॉलवर चालत जा."

या सहलीत आमच्या हातून झालेलं सर्वांत शहाणपणाचं काम ते, आणि ते बॅगा हरवल्यामुळे झालं.

१३० नंबरची बस क्लॉनटार्फला सोडते. तिथून एक जुना लाकडी पूल ओलांडला की दगडी भिंत सुरू होते आणि सरळ समुद्रात जाते. उजवीकडे बंदराचा पाण्याचा रस्ता, त्यातून जाणाऱ्या फेरी बोटी, पलीकडे पूलबेगच्या वीज केंद्राच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन उंच चिमण्या. डावीकडे वाळू, गवत, आणि गवतात मधेच एखादा झेंडा. भिंतीच्या कडेला १९३०च्या दशकातले समुद्रस्नानासाठीचे काँक्रीटचे आडोसे आहेत. त्यांत म्हातारी माणसं जून महिन्यातल्या १३ अंशांच्या पाण्यात 'मस्त आहे' म्हणत उतरत होती. भिंतीच्या टोकाला समुद्रतारा मेरीचा पुतळा आहे. गोदी कामगारांनी वर्गणी काढून उभारलेला.

डावीकडचं हे सगळं बेट दोनशे वर्षांपूर्वी नव्हतं.

डब्लिनच्या उपसागराला गाळाचं जुनं दुखणं. लिफी नदीच्या तोंडाशी वाळूचा बांध साचायचा आणि जहाजं बाहेर अडकून पडायची, वादळात फुटायची. १८००च्या सुमाराला उपसागराची मोजणी करायला जो माणूस आणला तो कॅप्टन विल्यम ब्लाय, म्हणजे ज्याच्या 'बाउंटी' जहाजावर बंड झालं तोच. दक्षिणेकडे एक भिंत आधीच होती. उत्तरेकडेही हवी, असं अनेकांचं मत पडलं आणि १८२५च्या सुमाराला ती बांधून झाली. युक्ती साधी होती. भरतीचं पाणी दोन भिंतींच्या आत भरायचं. ओहोटीला तेच पाणी अरुंद वाटेने जोरात बाहेर पडायचं आणि जाता जाता तळ खरवडून न्यायचं. गाळ काढायला माणूस नको, यंत्र नको. दिवसातून दोनदा चंद्र येऊन काम करून जातो. वाट खोल झाली. मात्र इथून निघालेली वाळू कुठेतरी जाणार. ती भिंतीच्या उत्तर कुशीत साचू लागली. आधी भरतीला बुडणारा वाळूचा उंचवटा, मग न बुडणारा, मग त्यावर गवत. आज ते पाच किलोमीटर लांबीचं बेट आहे, नॉर्थ बुल आयलंड. १९८१पासून युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र. कॅनडाच्या आर्क्टिकमधून ब्रेंट हंस हिवाळ्यात इथे उतरतात. राजधानीच्या उंबऱ्यावर, बसच्या शेवटच्या स्टॉपपाशी.

ही वाळू धरून ठेवणारं गवत म्हणजे मॅरम. आपल्याकडे कोकणात हेच काम मर्यादवेल करते. जांभळी फुलं, जाड पानं, पुळणीवर लांबच लांब पसरत जायची आणि वारा वाळू उडवू लागला की मुळांनी ती बांधून ठेवायची. मॅरमचं तसंच. वाळू त्याला जितकी गाडेल तितकं ते वर येतं. मी आजोळी मालवणला पुळणीवर वाढलेली, त्यामुळे 'लिंक्स' म्हणजे काय ते मला व्याख्येने कधी कळलं नव्हतं. भिंतीवरून पाहताना कळलं. लिंक्स म्हणजे पुळण आणि शेत यांच्यामधली ती जमीन, जिच्यात काही पिकत नाही. वाळूची, म्हणून पाऊस पडला तरी पाणी थांबत नाही. मेंढ्यांनी गवत खुरटं ठेवलेलं. मेंढ्या वाऱ्यापासून बचावायला जिथे बसून बसून खड्डे करायच्या, त्यातून बंकर आले असं सांगतात. नांगराला निरुपयोगी म्हणून खेळाला मिळालेली जमीन. आपल्याकडे अशा जमिनीवर सुरूची झाडं लावली आणि हल्ली होमस्टे बांधले.

रॉयल डब्लिन क्लब मुळात इथला नाहीच. १८८५ साली एका स्कॉटिश बँकरने फिनिक्स पार्कमध्ये तो सुरू केला आणि १८८९मध्ये क्लब या नव्याकोऱ्या वाळूवर आला. पहिल्या महायुद्धात लष्कराने कोर्स ताब्यात घेऊन गोळीबाराच्या सरावासाठी वापरला. तो परत मिळाल्यावर हॅरी कोल्टने नव्याने आखला. भाऊजी हे सगळं पाटीवर वाचत होते आणि मधेच थांबून म्हणाले, "म्हणजे बंदराच्या गाळावर ग्रीन फी घेतात." बँकवाल्याच्या तोंडून यापेक्षा मोठी दाद मी ऐकलेली नाही.

बॅगा तिसऱ्या दिवशी आल्या. तोवर शीटमधले दोन पिवळे चौकोन कापले गेले होते आणि कुणाला फारसं वाईट वाटलं नव्हतं.

मग खेळलो. पुण्यात येरवड्याला शिकलेला हात उंच चेंडू मारतो. आपल्याकडे झाडं मध्ये येतात, ग्रीन मऊ असतं, चेंडू वरून पडला की थांबतो. इथे झाड नाही. जे आहे ते वारा. बेट नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे पसरलंय आणि कोर्सही तसाच, जाऊन परत येणारा. एरवीचा वारा नैर्ऋत्येचा. त्यामुळे जाताना नऊ होल वारा पाठीवर हात ठेवून चालतो आणि माणसाला वाटतं, आपण गोल्फर आहोत. येताना तोच वारा तोंडावर. नवव्यापर्यंत माझा स्कोअर हँडिकॅपच्या आत होता. बाराव्या होलवर सात-आयर्नने मारलेला चेंडू वर गेला, हवेत विचार करत थांबला आणि माझ्याकडे परत यायला निघाला असं मला शपथेवर वाटलं. आमच्याबरोबरचा कॅडी, सत्तरीचा असेल, शांतपणे म्हणाला की चेंडूला वारा दाखवायचाच नाही. म्हणजे सरपटत मारा. ग्रीनच्या चाळीस यार्ड अलीकडे टाका, टणक जमिनीवरून घरंगळत जाऊ द्या. लहानपणी विटीदांडूत 'कोली' मारायचो तो हात आठवला. पुढचे चार होल मी जवळजवळ कोलीच मारली.

सोळाव्यावर कॅडी थांबला. या माणसांना आपली जागा दाखवायची असते आणि ती दाखवू द्यावी. क्रिस्टी ओ'कॉनर सीनिअर इथला प्रोफेशनल. १९६६च्या कॅरल्स स्पर्धेत शेवटचे तीन होल उरले असताना तो मागे होता. सोळाव्यावर ईगल, सतराव्यावर बर्डी, अठराव्यावर पुन्हा ईगल, आणि जिंकला. गोल्फ न कळणाऱ्या वाचकासाठी : शेवटच्या दोन षटकांत तीस हवेत आणि अकराव्या नंबरच्या फलंदाजाने ते काढले, असं समजा, फक्त हा अकराव्या नंबरचा नव्हता. मी सोळाव्यावर सात मारले.

पावसाचं सांगायला हवं, कारण डब्लिन म्हटलं की पुण्यातले लोक छत्री आठवून हसतात. डब्लिनला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याहून जास्त मुंबईत एकट्या जुलैमध्ये पडतो. फरक हप्त्यांचा. आपला पाऊस एकरकमी, त्यांचा रोजच्या रोज. दहा मिनिटं भुरभुर, मग ऊन, मग पुन्हा. म्हणून रेनकोटपेक्षा दोन जोड कोरडे हातमोजे आणि तीन टॉवेल महत्त्वाचे. आणि जूनचा उजेड! पाचला उजाडतं, रात्री दहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. संध्याकाळी सहाला पहिल्या टीवर उभं राहून १८ होल पुरे करता येतात, आणि अनेक क्लबांत त्या वेळचे दरही उतरलेले असतात. भाऊजींनी सकाळच्या आठच्या वेळा घेतल्या होत्या, पुण्यातल्या उन्हाच्या सवयीने. इथे सकाळी आठला खेळणं म्हणजे जेट लॅगसकट महागात पडणं. शेवटी आमचा दिवस असा बसला : सकाळी शहर, दुपारी डुलकी, सहा ते दहा खेळ.

पोर्टमार्नकला मात्र पाहुण्यांना मिळेल ती वेळ घ्यावी लागते. हा आयर्लंडमधला मानाचा कोर्स. तिन्ही बाजूंनी पाणी असलेली वाळूची जीभ. १८९४मध्ये क्लब सुरू झाला तेव्हा पलीकडच्या सटनहून वल्ह्याच्या होडीने यायचे. १९२७ची पहिली आयरिश ओपन इथली. १९६०ला आर्नल्ड पामर आणि सॅम स्नीड इथे अमेरिकेसाठी कॅनडा कप जिंकून गेले. शेजारच्याच पुळणीवरून १९३०मध्ये चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथने 'सदर्न क्रॉस' विमान अटलांटिक ओलांडायला पश्चिमेकडे उडवलं. उन्हाळ्यात ग्रीन फी तीनशे युरोंच्या वर. एवढे पैसे एका फेरीला द्यावेत का, यावर आमच्यात डब्लिन विमानतळापासून वाद चालला होता. मी देऊ नयेत म्हणत होते, आणि कारण पैसा नव्हतं.

१२० वर्षांहून अधिक काळ या क्लबात बाईला सभासद होता येत नव्हतं. आयर्लंडच्या समानता प्राधिकरणाने कोर्टात नेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००९मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी क्लब जिंकला. कायद्यात एक खिडकी होती : एखाद्या लिंगाच्याच गरजा भागवणं हा क्लबचा मुख्य हेतू असेल तर त्याला ती मोकळीक. पुरुषांची गोल्फची गरज! ती बायकांच्या गोल्फच्या गरजेहून वेगळी कशी, हे निकाल वाचूनही मला उमगलेलं नाही. गंमत अशी की पैसे भरून पाहुणी म्हणून खेळायला बायकांना तेव्हाही मनाई नव्हती. मनाई फक्त घरची होण्याला होती. २०२१मध्ये सभासदांनीच मतदान करून नियम बदलला. अमेरिकेतल्या ऑगस्टा क्लबने २०१२मध्ये बदलला होता, सेंट अँड्रूजच्या आर अँड ए क्लबने २०१४मध्ये. पोर्टमार्नकला घाई नव्हती.

शेवटी गेले. नवरा म्हणाला, "तू नाही गेलीस तर त्यांना कळणारही नाही." हे खरंच होतं. आणि तो कोर्स, रागावून गेलेल्या माणसालाही सांगावं लागतं, फार सुंदर आहे. काहीही लपवत नाही. आंधळे फटके नाहीत, फसवे उतार नाहीत. समोर जे दिसतं तेच आहे आणि तेच अवघड आहे. पंधरावा होल समुद्राला चिकटून, पार तीन. वारा उजवीकडून समुद्रावरून. चेंडू समुद्राच्या दिशेने मारायचा आणि वाऱ्याने तो आत आणावा अशी आशा करायची. माझा आला. भाऊजींचा आयरिश समुद्रात आहे. अठराव्यानंतर क्लबहाउसमध्ये भिंतीवरच्या कॅप्टनांच्या नामावळीसमोर मी चहाचा कप घेऊन बराच वेळ उभी होते. सोनेरी अक्षरांत वर्षामागून वर्षं. वाचत काहीच नव्हते खरं तर, नुसती उभी होते.

आता त्या माझ्या न खेळणाऱ्या मैत्रिणीकडे वळते, कारण सहल खरी तिने केली. गोल्फच्या सहलीत न खेळणाऱ्या माणसाला बहुधा रिसॉर्टच्या स्विमिंग पूलपाशी ठेवून देतात. शहरात राहिलं की तो प्रश्नच उरत नाही. तिने पहिल्या दिवशी लीप कार्ड घेतलं, म्हणजे बस, ट्राम, लोकल सगळ्याला चालणारं, आणि आम्ही वाळूत चेंडू शोधत असताना ती डार्ट या किनाऱ्याच्या लोकलने फिरत राहिली. हॉथला उतरून कड्यावरची पायवाट चालली. तिथे गॉर्सची पिवळी काटेरी झुडपं उन्हात तापली की खोबऱ्यासारखा वास सुटतो. तिने मला फोन करून सांगितलं, "अगं, इथे कुणीतरी सोलकढी करतंय!" डब्लिन कॅसलच्या आवारात चेस्टर बीटी ग्रंथालय आहे, प्रवेश फुकट. तिथे मुघल लघुचित्रं बघत ती तीन तास बसली. शाकाहारी असल्यामुळे तिचे हाल होतील असं आम्हाला वाटलं होतं. तिला विक्लो स्ट्रीटवरचं १९८६पासून चालणारं शाकाहारी उपाहारगृह सापडलं, आणि उलट आम्हीच रोज क्लबहाउसचे सँडविच खात राहिलो.

ओ'कॉनेल स्ट्रीटवरच्या जीपीओसमोर, म्हणजे मुख्य पोस्टासमोर, तिनेच आम्हाला उभं केलं. खांबांवर गोळ्यांच्या खुणा आहेत. २४ एप्रिल १९१६ला पॅट्रिक पिअर्स यांनी याच इमारतीसमोर आयरिश प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. त्याच आठवड्यात, २८ एप्रिलला, बेळगावात टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. 'होमरूल' हा शब्दच आयर्लंडहून आलेला. तिकडे तो शब्द जुना होऊन बंदुका निघाल्या होत्या, त्याच दिवसांत आपण तो नव्याने उचलत होतो. भाऊजींनी शीट काढून त्या निळ्या चौकोनात काहीतरी लिहिलं. काय ते दाखवलं नाही.

संध्याकाळचं डब्लिन म्हटलं की सगळे टेंपल बार सांगतात. मंदिराशी संबंध नाही. टेंपल नावाच्या घराण्याची तिथे हवेली आणि बाग होती. एकदा बघावं आणि बाहेर पडावं. पाइंट महाग, गर्दी आमच्यासारख्याच बाहेरच्यांची, गाणं माइकवर. भाची आम्हाला लिफीपलीकडे स्मिथफील्डला कोबलस्टोन नावाच्या पबमध्ये घेऊन गेली. २०२१मध्ये तिथे हॉटेल बांधायचा घाट घातला तेव्हा लोकांनी रस्त्यावर वाद्यं घेऊन मोर्चा काढला होता. खिडकीजवळच्या टेबलाभोवती सहा-सात जण बसलेले; फिडल, बासरी, एक पखवाजाच्या पुडीसारखा हातात धरायचा बोडरान. ऐकणाऱ्यांकडे त्यांची पाठ. व्यासपीठ नाही, कुणी नाव सांगत नाही, टाळ्यांची वाट बघत नाही. एकजण सूर धरतो, ज्याला येतं तो शिरतो. आपल्या भजनी मंडळाची बैठक अगदी अशीच असते. तिथे चहा फिरतो, इथे पाइंट. आणि ग्लासनेव्हिनच्या स्मशानभूमीच्या भिंतीला लागून १८३३पासूनचा कॅव्हनाचा पब आहे, लोक त्याला 'ग्रेव्हडिगर्स' म्हणतात. तिथे गाणं-बजावणं चालत नाही, टीव्हीही नाही. नुसतं बोलायचं. पुण्यातल्या माणसाला याहून मोठं तीर्थक्षेत्र नाही.

मात्र पब आणि गाडी एकत्र नको. वाहनं डाव्या बाजूनेच चालतात म्हणून भाऊजींना फार आत्मविश्वास आला होता. त्यातून एम-५० हमरस्त्यावर टोलनाका नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत आपणहून पैसे भरायचे असतात. 'नाका नाही म्हणजे टोल नाही' हा निष्कर्ष आम्हाला दंडासह परत करावा लागला. गाडी आम्ही एकच दिवस घेतली होती, बॉल्ट्रेसाठी.

बॉल्ट्रे, म्हणजे काउंटी लाउथ गोल्फ क्लब, डब्लिनच्या उत्तरेला ड्रॉहेडाजवळ, बॉइन नदीच्या मुखाशी. तिथे जायचं माझं कारण २००९ची आयरिश ओपन. बावीस वर्षांचा शेन लाउरी, हौशी खेळाडू म्हणून पाहुण्यासारखा खेळत होता. दुसऱ्या दिवशी ६२. चौथ्या दिवशी धो धो पावसात रॉबर्ट रॉकशी बरोबरी, मग प्लेऑफच्या तिसऱ्या होलवर जिंकला. पहिलं बक्षीस पाच लाख युरो. हौशी असल्यामुळे त्याला एक पैसाही नाही. ती रक्कम हरलेल्या रॉकला मिळाली. दहा वर्षांनी लाउरी रॉयल पोर्टरशला ब्रिटिश ओपन जिंकला. तो पाऊस आमच्या वाट्याला आला नाही. उलट असं स्वच्छ ऊन की अठराव्यावरून मोर्न पर्वत दिसत होते.

के क्लब हा आतल्या भागातला कोर्स आम्ही गाळला. २००६चा रायडर कप तिथे झाला, युरोपने अमेरिकेला साडेअठरा विरुद्ध साडेनऊने हरवलं, अंगणात लिफी आहे, हॉटेल पंचतारांकित आहे. सगळं खरं. पण झाडं, तळी, मऊ हिरवळ हे सगळं थायलंडमध्येही मिळतं आणि तिथे कॅडी डोक्यावर छत्री धरते. आयर्लंडला जाऊन आतल्या भागात गोल्फ खेळणं म्हणजे मालवणला जाऊन पनीर बटर मसाला मागवणं. भाऊजींना हे पटलेलं नाही, ते अजून हळहळतात.

जाण्याआधी आणखी दोन गोष्टी बघाव्यात असं सुचवेन. एक, क्रोक पार्क स्टेडियमचं वेळापत्रक. तिथे ८२ हजार माणसं बसतात आणि मोठा सामना किंवा मैफल असली की त्या रात्री शहरात हॉटेलची खोली मिळत नाही, मिळाली तर तिच्या भाड्यात एक फेरी खेळून होते. दोन, क्लबांच्या खुल्या स्पर्धांचे दिवस. हँडिकॅपचा पुरावा असला की बाहेरच्यांनाही प्रवेश मिळतो, ग्रीन फीच्या मानाने बऱ्याच कमी पैशांत, आणि अनोळखी आयरिश माणसांबरोबर खेळायला मिळतं. आम्हाला हे परतल्यावर कळलं.

भाचीच्या घरी एका रात्री जेवण होतं, दहा-बारा मराठी माणसं. त्यात कोकणातले चौघं. लिओ वराडकरांचा विषय निघणारच होता. वडील अशोक वराडकर मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉक्टर. मुलगा डब्लिनमध्ये जन्मला आणि २०१७मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला. २०१९च्या डिसेंबरअखेर ते कुटुंबासह वराडला येऊन गेले तेव्हा माझ्या मामाने लांबून पाहिलं होतं, ते मी सांगितलं. मग मी सहज म्हणाले की मला इथले कोर्स बघून सारखी पुळण आठवते. एक गृहस्थ, वेंगुर्ल्याचे, ताट बाजूला ठेवून म्हणाले, "पुळण आसा, पण बांगडो खंय?" त्यानंतर गोल्फ कुणी काढला नाही.

शेवटच्या संध्याकाळी शीटवर 'द आयलंड' होता. मॅलहाइडच्या समोरच्या वाळूवरचा १८९०चा क्लब, १९७३पर्यंत सभासद होडीनेच खाडी ओलांडून जायचे. तिथे वेळ मिळाली नाही. त्याच बाजूला, डोनाबेट गावात, कॉर्बालिस नावाचा सार्वजनिक लिंक्स कोर्स आहे. सभासदत्वाची अट नाही, जॅकेट नाही, नामावळी नाही. पोर्टमार्नकच्या मानाने ग्रीन फी म्हणजे चिल्लर. साडेसहाला सुरुवात केली. पुढे दोन शाळकरी पोरं हाफ पँटमध्ये, मागे एक नर्सबाई ड्यूटी संपवून एकटीच आलेली. डोक्यावरून विमानं उतरत होती. मैत्रीणही या वेळी आमच्याबरोबर चालली, हातात काठी म्हणून माझी पाच-आयर्न. आम्ही खेळत होतो आणि ती मॅरममध्ये पाय घालून वाकून वाकून काहीतरी वेचत होती, लहानपणी शिंपले वेचतात तशी. दहा वाजत आले तेव्हा अठराव्याच्या ग्रीनवर तिने ओढणीची गाठ सोडली. अकरा चेंडू निघाले. त्यातला एकही आमचा नव्हता.